बाळंतपण माहेरी, नोंद कुठे?

घराण्याचा जुना कागद शोधायला माणसं येतात ती बापाच्या गावाचं नाव घेऊन. आजोबा अमक्या गावचे, पणजोबाही तिथलेच, म्हणजे त्यांच्या जन्माची नोंद त्याच गावच्या दप्तरात असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. अर्ज करतात, काही दिवसांनी ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा हातात पडतो आणि बहुतेकांचा शोध तिथेच थांबतो. वाळवीनं खाल्लं असेल, आगीत गेलं असेल, कुणी पानच फाडून नेलं असेल, अशी मनाची समजूत घालून घेतात. हे सगळं होतं, मी पाहिलंय. पण त्याहून कितीतरी वेळा कागद शाबूत असतो, फक्त दुसऱ्या गावच्या रुमालात बांधलेला असतो. वंशावळ बापाकडून मोजतात आणि पोर जन्माला यायचं आईच्या माहेरी. पहिलं बाळंतपण तर हटकून माहेरीच. ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे, पण कागद शोधायला निघाल्यावर कुणाला आठवत नाही.

मी महसूल खात्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेली. मोडी तिथल्याच एका जुन्या अव्वल कारकुनांनी हाताला धरून शिकवली. पुढे पुराभिलेख खात्याचा वर्गही केला. निवृत्त झाल्यावर लोक मोडी वाचून घ्यायला घरी येऊ लागले. कुणाला जमिनीचा कागद वाचून हवा असतो, कुणाला जातवैधतेसाठी पुरावा. आणि काही मोजकी माणसं अशी असतात, की काम झाल्यावरही त्यांचा पाय निघत नाही. त्यांना आपली माणसं भेटायला लागलेली असतात.

जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीला आमच्याकडे ‘नमुना नंबर चौदा’ म्हणतात, विदर्भात ‘कोतवाल बुक’. तलाठ्याकडे जाऊन आज कुणी गाव नमुना चौदा मागितला तर त्याच्या हाती पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही पडेल, कारण तो नंबर पुढे त्या वहीला गेला. म्हणून अर्जात नुसता नंबर लिहू नका, ‘जन्म-मृत्यू नोंदवही’ असं स्पष्ट लिहा, हे मी प्रत्येकाला सांगते. मूल जन्मलं की चावडीवर वर्दी जायची आणि पाटलाच्या नावानं कुलकर्णी किंवा तलाठी ती वहीत उतरवायचा. वर्दी पोचवायचं काम बऱ्याच गावांत महार वतनदारांकडे होतं. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५९ मध्ये रद्द झाली. तोवर पिढ्यानपिढ्या हे काम त्यांच्या माथी होतं. गावातल्या घराघरातला जन्म आणि मृत्यू ज्यांच्या तोंडून वहीत गेला, त्यांचं स्वतःचं नाव वर्दी देणार म्हणून मला क्वचितच सापडलं. सापडते ती बहुधा नुसती जात.

वहीतली सगळ्यात मोठी अडचण नवख्या माणसाला पहिल्या पानावरच कळते. मुलाचं नावच नसतं. तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच शब्द. वर्दी जायची दोन-चार दिवसांत आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. नाव ठेवल्यावर पुन्हा चावडीवर जाऊन ते भरायला कोण जाणार? आईचं नाव तर मी वाचलेल्या जुन्या वह्यांतून जवळपास नाहीच. ज्या बाईनं मूल जन्माला घातलं, तिच्यासाठी जन्माच्या वहीत रकानाच नाही.

मग हाच मुलगा आपला आजोबा, हे ठरवायचं कसं? एका बापाच्या सगळ्या मुलांच्या नोंदी एका कागदावर तारखेनं मांडायच्या. शेजारी मृत्यूच्या वहीतल्या नोंदी मांडायच्या. कोण तान्हेपणी गेलं, कोण गोवरानं गेलं, कोण उरलं ते पाहायचं. उरलेल्यांची सांगड शाळेच्या जनरल रजिस्टराशी आणि जमिनीच्या फेरफारांशी घालायची. मृत्यूची वही वाचल्याशिवाय जन्माची वही कळत नाही, हे मी या कामात शिकले. १९१८ सालच्या मानमोडीच्या साथीचे महिने मी ज्या ज्या गावच्या वहीत पाहिले, तिथे पानामागून पान ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ असं चाललेलं आहे. लिहिणाऱ्याचा हात मध्येच बदलतो, अक्षर वेगळं येतं. आधीच्या हाताचं काय झालं, हे पुढच्याच पानावर कळतं कधीकधी. त्या महिन्यांत ज्या घरात मूल जन्मलं, तिथे आई वाचली की नाही, हे आधी बघायचं असतं. पुढच्या सगळ्या वंशावळीला त्यानं वळण लागलेलं असतं.

नावांचंही एक वेगळंच प्रकरण. वहीत जो ‘धोंड्या’ असतो तोच शाळेच्या दाखल्यावर ‘धोंडिराम’ होतो आणि पुढे सातबारावर ‘धोंडिबा’. पाटलाच्या घरच्या माणसाला ‘जी’ आणि ‘राव’ लावलेलं, वस्तीवरच्या माणसाला ‘या’ लावून तोडलेलं. लिहिणाऱ्यानं प्रत्येकाला त्याच्या जागेवर बसवून ठेवलंय. दलित कुटुंबांचा शोध यामुळेच जास्त अवघड होतो. नातवाला जे आदरानं घेतलेलं नाव ठाऊक असतं, ते वहीत नसतंच; तिथे असतं गावानं तोडलेलं नाव. ते वाचून दाखवताना माझा आवाज नेहमी खाली येतो. त्याच्यापुढे मी ते तसंच वाचते, कारण पुरावा म्हणून त्याला तेच अक्षर लागणार असतं. पण कच्च्या वंशावळीवर मात्र मी त्याच्या घरात चालणारं नाव लिहिते.

आणि मुलं जगत नाहीत म्हणून ठेवलेली नावं: दगडू, केरू, भिकू. असं नाव दिसलं की मी मागची चार-पाच वर्षं उलटून पाहते. बहुतेक वेळा त्याच बापाच्या नावावर दोन-तीन छोटे मृत्यू असतात. मुलींच्या बाबतीत ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभपूर्वक नवी नावं दिली, ते फार चांगलं झालं. पण माझ्यासारखं काम करणाऱ्या माणसाला पुढे हा दुवा लागणार आहे: जुनं नाव, नवं नाव आणि बदल कोणत्या कागदावर झाला तो कागद. नाव बदलल्याचं राजपत्र जपून ठेवा, हे मी भेटेल त्या मुलीला सांगते.

जन्मतारखेचं तर महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीतली निम्मी गावं एक जूनला जन्मलेली वाटावीत. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि १ जून टाकून द्यायचे. खरी तारीख घरात तिथीनं आणि सणानं लक्षात राहिलेली असायची. पोळ्याच्या आदल्या रात्री, संक्रांत होऊन तीन दिवसांनी, पटकीच्या साली. अशी आठवण आणि वहीतली तारीख जुन्या पंचांगावर ठेवून पाहिली की जुळते. निदान माझ्या पाहण्यात इतक्यांदा जुळली आहे, की घरच्या म्हातारीच्या शब्दावर माझा शाळेच्या दाखल्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १८८६ साली जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचा कायदा आला, पण त्याखालची नोंदणी ऐच्छिक होती. गावची वही चालायची ती त्या त्या प्रांताच्या आपापल्या नियमांनी. देशभर एकच सक्तीचा कायदा आला १९६९ साली आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. गावात निबंधकाचं काम ग्रामसेवकाकडे आलं. त्यामुळे १९७० च्या पुढचं ग्रामपंचायतीत विचारा, मागचं तहसीलच्या अभिलेख कक्षात. मधल्या दोन-चार वर्षांचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक तालुक्यात वेगळ्या उत्तराचा. या कायद्याच्या १७ व्या कलमानं कुणालाही शुल्क भरून नोंदीचा शोध मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

शिवाय तालुका-जिल्हे हलले. सिंधुदुर्ग १९८१ ला रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच वर्षी, लातूर १९८२ ला उस्मानाबादेतून, वाशीम आणि नंदुरबार १९९८ ला, पालघर २०१४ ला ठाण्यातून. गाव जिथल्या तिथे, पण कचेरी बदललेली. आमच्या भागात तर औंध, फलटण, सांगली अशी संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर १९४९ मध्ये. नदीच्या अल्याड इंग्रजी मुलूख आणि पल्याड संस्थान, अशी सोयरीक असली की आईचा कागद एका राज्यात आणि बापाचा दुसऱ्या. मराठवाड्यातला एक स्नेही निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदी वाचतो. तिथे फसली साल. ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो. १३४८ फसली म्हणजे १९३८-३९. महिने आजूर, दै, बहमन असे. त्याच्याकडेही माणसं येतात ती बापाच्याच गावाचं नाव घेऊन.

ज्या शोधामुळे हे सगळं एकदा लिहून ठेवावंसं वाटलं, तो एका निवृत्त शिक्षिकेचा. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. भावाच्या नातवाच्या प्रवेशासाठी जातवैधतेचं प्रकरण होतं. ते दुसऱ्याच एका कागदावर निभावलं. पण त्या धावपळीत बाईंच्या हाती एक नक्कल आली होती आणि ती त्यांना स्वस्थ बसू देईना. कुण्या नातेवाइकानं पूर्वी कधीतरी काढलेली ही नक्कल म्हणजे त्यांच्या वडिलांची जन्मनोंद, असं भावकीत सगळे मानत होते. तारीख १९३४ मधली. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर होती १ जून १९३१. बाई म्हणाल्या, “ताई, मास्तर वय वाढवून लिहायचे नाहीत का? तीन वर्षांचा फरक पडू शकतो ना?” पडू शकतो. पण मला मृत्यूची वही बघितल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

मृत्यूची वही निघाली. १९३४ मध्ये जन्मलेला तो मुलगा आठ महिन्यांचा होऊन वारला होता. बाप तोच, घर तेच, वय ‘महिने ८’. म्हणजे भावकी इतकी वर्षं वडिलांची म्हणून जी नक्कल फायलीत जपत होती, ती वडिलांच्या धाकट्या भावाची होती. असा एक काका झाला होता, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. घरात कुणी कधी त्याचं नावही काढलं नव्हतं. त्याचं नाव काय ठेवलं होतं, तेही आता कळायचा मार्ग नाही. बाई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या.

मग आम्ही १९२७ पासून १९३७ पर्यंतची सगळी पानं वाचली. आजोबांच्या नावावर दोन मुली आणि तो एक मुलगा. वडिलांची नोंद त्या गावात नव्हतीच. बाईंच्या भावानं त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडून नामावळी आणली होती. तिच्यात पणजोबा, त्यांचे बंधू, आजोबा, सगळे पुरुष ओळीनं होते. मी बाईंना विचारलं, “आजीचं माहेर कोणतं?”

आजी १९६० च्या आसपास गेलेली. बाई तेव्हा लहान. आजीचं सासरचं नाव माहीत होतं, माहेरचं नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. एकाच घरात तीन पिढ्या राहिलेल्या बाईचं माहेर कुणालाच सांगता येईना. असं झालं की मी दुसरा प्रश्न विचारते. तुमचे वडील लहानपणी कुठल्या यात्रेला जायचे? गावाचं नाव माणसं विसरतात, यात्रा विसरत नाहीत. बाईंच्या आत्याची मुलगी ऐंशीच्या घरात होती. तिला फोन लावला. ती लगेच म्हणाली, “मामा पालच्या यात्रेला न्यायचा. म्हाळसेचं लगीन बघायला. तिथनं मग त्याच्या आजोळी मुक्काम, चालत.” कराड तालुक्यातलं पाल, पौषातली खंडोबाची यात्रा. चालत मुक्कामाला जाण्याइतकं जवळचं गाव. आणि तिला मामाच्या मामांचं आडनावही आठवत होतं.

त्या आडनावाची घरं पालच्या आसपास कुठे कुठे आहेत, हे बाईंनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना कामाला लावून काढलं. शिक्षकाचं हे एक बरं असतं, प्रत्येक गावात कुणीतरी ओळखीचं निघतं. तीन गावं उरली. जन्माच्या वह्या उघडायच्या आधी मी तिथले फेरफार पाहायचं ठरवलं आणि मुद्दाम १९५६ नंतरचे. त्या वर्षी १७ जूनला हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि वारसांत मुलींची नावं येऊ लागली. त्याआधी भाऊ असताना वडिलांच्या जमिनीच्या कागदावर लेकीचं नाव यायचं कारणच नसायचं. ज्या बाईचा माग लागत नाही, तिच्या माहेरचा कुणी पुरुष १९५६ नंतर वारला असेल, तर वारस नोंदीत ती भेटते.

दुसऱ्या गावात भेटली. गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस प्रकरणांची वही, आणि पुढे त्याच प्रकरणाचा सहा नंबरचा फेरफार. मयत खातेदार, १९५८ साल. वारस दोन मुलगे, तीन मुली. तीन नंबरच्या मुलीपुढे भ्रतार म्हणून बाईंच्या आजोबांचं नाव आणि राहणार म्हणून बाईंचं गाव. खाली मजकूर असा, की तिन्ही बहिणींनी समक्ष जबाब दिला, जमिनीत आमचा हक्क ठेवणे नाही, भावांच्या नावे लावावे. तीन अंगठे. निळसर-जांभळी शाई, तिसरा अंगठा थोडा घसरलेला, रेषा नीट उमटलेल्या नाहीत. हा बाईंच्या आजीचा अंगठा.

आणि नाव वेगळं होतं. सासरी ज्या नावानं ती आयुष्यभर ओळखली गेली ते नव्हतं. भावांनी तलाठ्याला बहिणीचं जे नाव सांगितलं, ते त्यांच्या तोंडी असलेलं, तिच्या बारशाचं. बाईंनी ते दोन-तीनदा मोठ्यानं म्हटलं. नंतर म्हणाल्या, “आमच्यात हे नाव कुणालाच माहीत नव्हतं हो.” मला तेव्हा फार राग आला आणि फार आनंदही झाला. आयुष्यभरात या बाईचं माहेरचं नाव शासनाच्या कागदावर बहुधा एकदाच आलं असेल, तेही हक्क सोडताना. तिनं तो सोडला नसता तर भावांशी बोलणं तुटलं असतं, माहेर तुटलं असतं; त्या पिढीतल्या बायकांना असंच वाटायचं आणि अजूनही कित्येकींना वाटतं. सोडला म्हणून जबाब झाला, जबाब झाला म्हणून अंगठा राहिला.

गाव मिळाल्यावर पुढचं सोपं होतं. त्या गावची १९२८ ते १९३२ ची वही एका खाकी रुमालात होती, गाठ कधीकाळची. पुठ्ठा कसरीनं चाळणी केलेला, आतली पानं मात्र धड. रकान्यांचे मथळे छापील, बाळबोधीत. आतलं सगळं मोडी. काळी शाई तपकिरी झालेली. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिच्याखाली अक्षरं सोडत जायचा. शब्द तोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. या वहीचा लेखक घाईचा होता. एका ओळीत माणसाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव असं सलग वाहत गेलेलं. अशा वेळी मी नाव शोधत नाही, गाव शोधते. एका गावच्या वहीत दुसऱ्या गावाचं नाव आलं की ओळ लांबते. ती लांबी डोळ्याला आधी दिसते.

१९३० च्या ऑगस्टात अशी एक लांब ओळ होती. तारीख १९. मुलगा. बापाचं नाव बाईंच्या आजोबांचं, पुढे त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव, मग ‘राहणार’ आणि बाईंचं गाव, तालुक्यासकट. वर्दी देणार म्हणून मुलाच्या मामाचं नाव. १९५८ च्या फेरफारात जमीन ज्या भावांच्या नावे झाली, त्यातला हा थोरला.

आत्याच्या मुलीला पुन्हा फोन केला. बाईंनी तिला तारीख सांगितली नाही. मीच तसं सुचवलं होतं. नुसतं विचारलं, आमच्या वडिलांचा जन्म कधीचा म्हणायची तुझी आई? ती म्हणाली, “गोकुळाष्टमी होऊन दोन-तीन दिवसांनी. आजीला त्या वर्षी उपास धरता आला नाही, हे ती सांगायची.” पंचांग काढलं. १९३० ची गोकुळाष्टमी ऑगस्टच्या सोळा-सतराच्या सुमारास येते.

पुरावा म्हणून हे किती टिकेल, असं बाईंच्या भावानं विचारलं. वर्दी देणारा मामा, फेरफारातलं नातं, सासरच्या वहीत त्या वर्षांत दुसरा हयात मुलगा नसणं, यांची साखळी चांगली आहे. पण नोंदीत मुलाचं नाव नाही, म्हणून नुसत्या नकलेवर काम होत नाही, सगळे कागद एकत्र लावावे लागतात. जातवैधतेच्या कामात तर तारखांना फार महत्त्व. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा मागतात, तोही बापाकडच्या नात्यातला. गंमत नव्हे, खरी अडचण ही, की बापाकडचाच हा पुरावा कित्येकदा आईकडच्या गावात असतो आणि तिकडे पाहायला कुणी सांगत नाही.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर अभिलेख कक्ष उघडले गेले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बोलावणी आली, लाखो पानं तपासली गेली, पुष्कळशी स्कॅन झाली. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही. पण वर्षानुवर्षं न सोडलेल्या गाठी सुटल्या, पानांना उजेड मिळाला, याचं मला समाधान आहे. मनात एक इच्छा राहिली. त्या याद्या जातीनं आणि गावानं लागल्या. ‘बाप परगावचा’ अशा नोंदी ज्या पानावर आहेत, त्या वेगळ्या काढून बापाच्या गावाखालीही दाखवल्या असत्या, तर माहेरी जन्मलेली हजारो माणसं आपापल्या घरी पोचली असती. हे अजूनही करता येईल. एकदा पान समोर असताना एक जादा रकाना भरायला फार वेळ लागत नाही.

असं करता येतं याचा दाखला फार लांबचा नाही. सावंतवाडीकडच्या एका कुटुंबाचा कागद माझ्याकडे आला होता. आई डिचोलीची, म्हणून मुलाचा जन्म गोव्यातला, पोर्तुगीज अमलातला. भाषा मला येत नाही, वाचून दुसऱ्यानं दाखवलं. त्या एका नोंदीत आईबापांची नावं तर होतीच, शिवाय बापाचे आईबाप आणि आईचे आईबाप, चौघांचीही. एका पानावर तीन पिढ्या, बायकांसकट. आमच्या चौदा नंबरच्या वहीत तेवढं मिळवायला तीन गावं पालथी घालावी लागतात.

आता आपल्याकडेही बदल झालाय. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाचं नाव लिहिताना आधी त्याचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा शासनाचा निर्णय आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच लागणार, म्हणजे मास्तरांच्या १ जूनचा काळ संपला. आईचं नाव आलं, हे उत्तम झालं. आईचं माहेरचं नाव मात्र अजून कुठे येत नाही. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, बहुतेक वेळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, आणि नोंद त्या शहराच्या नगरपालिकेत. शंभर वर्षांनी कुणी शोधायला निघालं तर तो पुन्हा बापाच्या गावीच जाईल. म्हणून नव्या आईबापांना मी म्हणते, मुलाच्या वहीत जन्मगाव, दवाखाना आणि आईचं माहेर, तिन्ही लिहून ठेवा.

बाईंनी त्यांच्या घराण्याची वंशावळ नव्यानं काढली आहे. वैधतेच्या अर्जात लागते तशी पुरुषांची एक, आणि स्वतःसाठी दुसरी. दुसरीत प्रत्येक सुनेच्या नावाखाली तिचं बारशाचं नाव आणि माहेर. त्या आठ महिन्यांच्या काकालाही त्यांनी जागा दिली. नावाच्या ठिकाणी ‘मुलगा, १९३४’ एवढंच लिहिलं. काही सुनांच्या खाली अजून नुसती रेघ आहे. त्यासाठी त्या नात्यातल्या जुन्या बायकांना एकेकीला गाठताहेत आणि यात्रेचं विचारताहेत.

आजीची स्वतःची जन्मनोंदही त्यांना हवी आहे. वडील १९३० चे आणि थोरले, म्हणजे आजीचा जन्म १९१० च्या आगेमागे धरायचा. त्या गावची १९०५ पासूनची वही रुमालात आहे, यादीत मी पाहिली; स्कॅन झालेली नाही. तिथेही नुसतं ‘मुलगी’ एवढंच असणार, हे बाईंना सांगून ठेवलंय. आणि आजीच्या आईचं बाळंतपणही तिच्या माहेरी झालं असेल, तर ती त्या गावातही नसेल. तरी अर्ज दिला आहे. पुढच्या आठवड्यात वही काढून देतो म्हणालेत.